चार जणांचा परवाना

शेराला सव्वाशेर भेटतो म्हणतात, पण शिक्केसाहेबांना भेटला तो एक छापील कागद होता. ज्या गृहस्थाने चौतीस वर्षं जगाचे अर्ज अपूर्ण म्हणून परत पाठवले, त्याचाच अर्ज एका सोमवारी सकाळी खिडकीतून परत आला.

'शिक्केसाहेब' हे नाव त्यांना ऑफिसने दिलेलं. अर्ज पुरा असल्याशिवाय त्यांचा शिक्का उठत नसे. एकदा खुद्द मोठ्या साहेबांचा रजेचा अर्ज त्यांनी तारीख नाही म्हणून परत पाठवला होता, आणि मोठे साहेब बिचारे रजेच्या दिवशी ऑफिसात येऊन बसले होते. असा माणूस घरात कसा असेल, हे ज्याने त्याने ओळखावं. बायकोने तो ओळखला होता, आणि तरीही एकतीस वर्षं संसार हसतमुखाने केला होता.

तिची एकच मागणी होती. समुद्रकाठी कोळ्यांचं ते जुनं गाव आहे, तीन-चारशे वर्षांची दगडी तटबंदी, एकच वेस, आत गाडीला बंदी. "अहो, एकदा तिथे जाऊ या. सकाळी पकडलेला मासा दुपारी समोर बसून खाऊ या. पाण्यात मी पाय घालणार नाही, मला भीती वाटते. पण मासा खाईन." साहेब म्हणायचे, "ऑडिट झालं की बघू." ऑडिट दरवर्षी होई आणि दरवर्षी पुढचं ऑडिट लागे. मग ते रिटायर झाले, आणि रिटायर झाल्यावर चौथ्या महिन्यात ती गेली. याला आता तीन वर्षं झाली.

ती गेल्यावर साहेबांना एक शोध लागला, आणि तो त्यांच्या अभिमानाला फारच लागला. त्यांच्या दाराची बेल एकतीस वर्षं वाजत होती ती त्यांच्यासाठी नव्हतीच. दार त्यांनी उघडलं, की येणारा त्यांच्या खांद्यावरून आत बघत विचारायचा, "वहिनी आहेत का?" साहेब बाजूला व्हायचे आणि पेपर वाचायला जायचे. आता बेल दिवसातून एकदा वाजायची, दुपारी साडेबाराला. डबा आलेला असायचा. डबेवाला काहीच विचारायचा नाही.

तर अशा माणसाने एक दिवस ठरवलं, की राहिलेलं काम पुरं करायचं. फाईल उघडी ठेवून मरायचं नाही. त्या गावात जायचं आणि तो मासा खायचा.

आता गाव जुनं, म्हणून सरकारने जपलेलं. जपलेलं म्हणजे परवाना आलाच. परवान्याच्या खिडकीत चष्मेवाली मुलगी बसली होती.

"काका, हा नाही चालणार. चार जण लागतात."

"मी एकटाच जाणार आहे."

"तेच म्हणतेय मी. एकट्याला परवाना नाही. आत एकच खानावळ आहे, आणि तिथली टेबलं चार जणांची आहेत. एकाला सोडला तर तीन खुर्च्या फुकट जातात."

"असं कुठे लिहिलंय?"

तिने पाठीमागच्या भिंतीकडे पेन दाखवलं. कलम सात. साहेबांनी ते दोनदा वाचलं. खरंच लिहिलं होतं, खाली सही होती, सहीवर गोल शिक्का होता आणि शिक्का सरळ होता. दुसरा कुणी असता तर भांडला असता. पण लिहिलेल्या गोष्टीशी भांडायचं कसं, हे साहेबांना कुणी शिकवलंच नव्हतं. उलट मुलीचं काम चोख आहे असं वाटून ते तिला थँक्यू म्हणाले आणि अर्ज घेऊन घरी आले.

आता तीन माणसं शोधायची. वाचायला सोपं वाटतं, पण तीन वर्षं ज्याने कुणाच्या घरची बेल वाजवली नाही, त्याने एका संध्याकाळी उठून तीन माणसं मागायची, हे सोपं नाही.

समोरच्या काकूंनी दार अर्धंच उघडलं. "मासे आणायला चाललात? कल्ले उचलून बघा हं. लाल असले तरच घ्या. आणि डोळे बघा, डोळे चकचकीत हवेत." साहेब म्हणाले, "तुम्ही आलात तर तुम्हीच बघाल." काकू म्हणाल्या, "मी? अगंबाई! मला बसमध्ये उलटी होते," आणि दार लावता लावता त्यांनी अर्धा किलो कोळंबी सांगितली.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवून ब्लडप्रेशर बघितलं, समुद्राची हवा या वयात कशी बाधते ते वीस मिनिटं सांगितलं, आणि शेवटी खेकडे मिळाले तर चार आणा म्हणाले. सोसायटीचे सेक्रेटरी मात्र एकदम उठून उभे राहिले. "वा वा! काय कल्पना काढलीत! घाला माझं नाव. नाव घालायला काय जातंय?" साहेबांना इतका आनंद झाला, की ते जिना चढताना दोन वेळा थांबले आणि दम लागल्याचं त्यांना वाईट वाटलं नाही.

रविवारी मुलाचा फोन आला. मुलगा दूरच्या शहरात, रविवारी सकाळी बोलतो. "घाला ना बाबा माझं नाव. जमलं तर येईन." हे 'जमलं तर' साहेबांच्या ओळखीचं होतं. 'ऑडिट झालं की' याचंच ते पोर होतं, दोघांचा चेहरा सारखा होता.

तिसरं नाव राहिलं. साहेब रात्रीचं जेवण झाल्यावर टेबलाशी बसले, पेनाचं टोपण काढलं आणि तिचं नाव लिहिलं.

लिहून झाल्यावर ते स्वतःच दचकले. चौतीस वर्षांत एक खोटी नोंद नाही, आणि ही! खोडावं तर खाडाखोड असलेला अर्ज त्यांच्या मते अर्जच नव्हे. मग पुढचे रकाने आले. नाते : पत्नी. हे तर खरंच होतं. वय. इथे गाडी अडली. गेली तेव्हा अठ्ठावन्न होती. अठ्ठावन्न लिहायचं की एकसष्ट? बराच वेळ विचार करून त्यांनी एकसष्ट लिहिलं. आपण एकट्यानेच म्हातारं व्हायचं हे त्यांना पटेना. शेवटी प्रश्न होता, 'गटात कोणास पाण्याची भीती आहे काय?' साहेबांनी प्रामाणिकपणे लिहिलं : आहे, पत्नीस.

अर्ज पास झाला. 'गटप्रमुख' म्हणून त्यांचं नाव ठळक छापून आलं. आयुष्यात ते कशाचेही प्रमुख झाले नव्हते. गटच नसलेल्या गटाचे का होईना, झाले.

जायच्या दिवशी सकाळी सहाला सेक्रेटरी जिन्यात भेटले, पण लुंगीवर. "साहेब, कंबर धरली हो. वळताच येत नाही." असं म्हणून ते झटकन वळले आणि घरातून थर्मोकोलचा एक मोठा डबा घेऊन आले. "एवढा घेऊन जा. बर्फ घालून दोन किलो कोळंबी. सोललेली मिळाली तर बघा." साहेबांनी डबा घेतला. भिडस्त माणसाला 'नाही' म्हणता कुठे येतं! बसमध्ये तो डबा मांडीवर ठेवून ते दोन तास बसले. शेजारची सीट रिकामी होती, पण तिथे डबा ठेवावा असं त्यांना वाटलं नाही.

गावाच्या वेशीत एक आजी बसली होती. ऐंशीच्या पुढची असेल, पण नजर वाघिणीची. तिच्या पाठीमागे भिंतीवर लाकडी फळी, फळीला हूक, आणि हुकांना पितळेचे नंबराचे बिल्ले. आत जाणाऱ्या प्रत्येकाने बिल्ला गळ्यात घालायचा, बाहेर पडताना परत टांगायचा.

"समुद्र आहे बाबा," आजी म्हणाली. "इथे माणूस मोजून आत आणि मोजून बाहेर. भरतीआधी मी फळी बघते. चार जण ना? तिघं कुठे?"

"मागून येताहेत."

"मागून म्हणजे किती मागून?"

"येतीलच. त्यांचे बिल्ले माझ्याकडे द्या."

"ज्याचा त्याने घ्यायचा."

इथे साहेबांना ऑफिस आठवलं. त्यांनी छाती काढली, परवाना पुढे धरला आणि ठळक अक्षरांवर बोट ठेवलं. "मी गटप्रमुख आहे." आजीने वर बघितलं, खाली बघितलं, थर्मोकोलच्या डब्याकडे बघितलं, आणि चार बिल्ले काढून दिले. साहेबांनी एक गळ्यात घातला आणि तीन खिशात टाकले. चालताना ते एकमेकांवर वाजत होते.

गाव मात्र तिने सांगितलं होतं तसंच निघालं. अरुंद दगडी गल्ल्या, दारात वाळत घातलेली जाळी, ओल्या टोपल्या, पायरीवर बसून सुरी परजणाऱ्या बायका. धक्क्यावर होड्या लागल्या होत्या. साहेबांनी कल्ले उचलून बघितले, डोळे चकचकीत आहेत का ते बघितलं, आणि हातभर लांबीचा एक मासा घेतला. एकट्यापुरता छोटा मागणार होते, पण वेशीतली बातमी विकणारीपर्यंत आधीच पोचली होती. ती म्हणाली, "तुम्ही चार ना? मग हाच." तिने तो परस्पर खानावळीत पाठवूनही दिला. गावात सगळं सगळ्यांना ठाऊक असतं, ते असं.

खानावळ समुद्राच्या अगदी कडेला. टेबल चार जणांचं, कलम सात शब्दशः खरं होतं. खानावळवालीने चार ताटं मांडली, चार पेले भरले.

"लावा तवा," साहेब म्हणाले.

"बाकीचे येऊ देत की."

"ते येतील. तुम्ही करा सुरुवात."

"छे हो! गार झालेला मासा मी कुणाला वाढत नाही. माणसांनी माशासाठी थांबायचं, माशाने माणसांसाठी नाही. आणि काय हो, तुमच्यात डोकं कोण खातं?"

"ती," साहेब म्हणाले. म्हणजे तोंडातून गेलंच.

"बघा! बायकांनाच कळतं डोक्यात काय असतं ते," म्हणून खानावळवाली हसत आत गेली.

साहेब बसले. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. तीन रिकाम्या खुर्च्यांसमोर बसणं त्यांना घरीही होतं, पण घरी त्या खुर्च्यांसमोर ताटं नसत. पोटात कावळे ओरडत होते. 'सांगून टाकावं का? म्हणावं, बाई, कुणी येणार नाही, घाला तो मासा तव्यावर.' पण लगेच मनात आलं, परवाना रद्द होईल. खोटी माहिती दिल्यास कलम अकरा. ताटावरून उठवतील, आणि तिच्यासाठी काढलेली एवढी एक फेरीही अपुरी राहील.

तेवढ्यात वेशीतली आजी काठी टेकत आली. "भरती लागली. फळीवर चार हूक रिकामे, आणि माझ्यासमोरून वेशीतून दुसरं कुणी आलेलं नाही. तटाच्या फुटक्या बाजूने खडकांवरून आले की काय? लोक तसले उद्योग करतात. खरं सांगा, तिघं कुठे आहेत?"

आता इथे शहाण्या माणसाने काय सांगितलं असतं? काहीही. पण साहेबांना खोटं बोलायची सवय नाही, आणि सवय नसलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा समोरच्याने पुढे केलेलं पहिलं खोटं उचलतो.

"हो," ते म्हणाले. "खडकांकडे गेलेत."

आजीचा चेहरा पांढरा पडला. तिने साहेबांच्या हातातला परवाना ओढून घेतला, डोळ्यांजवळ धरला. "पाण्याची भीती, पत्नीस. अरे देवा! आणि त्या बाईला खडकांवर सोडून तुम्ही इथे जेवायला बसलात?" तिने दारातली घंटा अशी बडवली की मांडणीवरचं झाकण पडलं.

दोन मिनिटांत गाव जमलं. हातातली कामं टाकून माणसं आली. धिप्पाड होडीवाला, जाळी विणणारा, बर्फाच्या कारखान्यातला एक. आजीने परवान्यावरची नावं वाचून वाटणी करून टाकली : मुलाला जाळीवाला बघेल, सेक्रेटरीला बर्फवाला, आणि बाईंना होडीवाला, कारण तो सगळ्यांत उंच. साहेब उभे राहिले, तोंड उघडलं, "अहो, ऐका" एवढं म्हणालेही. पण तोवर तिघं पळाले होते.

आणि मग बाहेरून हाक आली.

"वहिनीऽऽ! ओ वहिनीऽऽ!"

होडीवाल्याचा आवाज तटबंदीवर आपटून परत आला. साहेबांनी उघडलेलं तोंड मिटलं. खाली बसले.

"वहिनीऽऽ! कुठे आहात? ओ द्या!"

तीन वर्षं. तीन वर्षांत हा शब्द त्यांच्या कानावर पडला नव्हता. समोरच्या काकूंनी काढला नाही, डॉक्टरांनी काढला नाही, त्यांचं मन दुखवायला नको म्हणून सगळ्यांनी जपून गिळला होता. आणि इथे एक अनोळखी माणूस बेंबीच्या देठापासून ओरडून तिला बोलावत होता, तिची काळजी करत होता. थांबवायला हवं होतं, साहेबांना कळत होतं. पण त्यांना थांबवायचं नव्हतं. अजून एकदा, एवढंच ते मनात म्हणत होते. हाक आली. पुन्हा अजून एकदा. पुन्हा आली. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

मग हाक आली ती लांबून आणि तुटकी. साहेबांनी खिडकीतून बघितलं. होडीवाला खडकांच्या टोकाला कमरेइतक्या पाण्यात होता, आणि लाट आली तशी ती त्याच्या छातीवर फुटली.

साहेब धावले. बूट-मोज्यांसकट पाण्यात शिरले. जन्मात आवाज न चढवलेला माणूस, पण जो काही होता तेवढ्या आवाजात ओरडायला लागला. "परत या! अहो परत या! ती नाहीये! नाहीये ती!"

हे वाक्य त्यांनी तीन वर्षांत कुणालाही म्हटलेलं नव्हतं.

होडीवाला परत आला, नखशिखांत भिजलेला. बाकीचे दोघेही मागोमाग आले. आजीने सगळ्यांसमोर विचारलं, "नाहीये म्हणजे? शेवटची कुठे बघितलीत तिला?"

"दवाखान्यात," साहेब म्हणाले. "दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. तीन वर्षं झाली."

जाळीवाल्याने हळूच विचारलं, "आणि मुलगा?"

"तो आहे. लांब आहे. जमलं नाही त्याला."

"आणि माझा सेक्रेटरी?" बर्फवाला म्हणाला. "दोन वेळा घसरलो मी त्याच्यापायी!"

"घरी आहेत. कंबर धरलीय."

साहेबांनी खिशातून तीन बिल्ले काढले आणि गळ्यातला चौथा काढून आजीपुढे धरले. "चूक झाली. खोटी नोंद केली मी. पहिली हाक ऐकली तेव्हाच सांगणार होतो, पण... मला ऐकावंसं वाटलं. इतका वेळ तुम्हाला पाण्यात फिरवलं. काय शिक्षा असेल ती करा. कलम अकरा आहे त्याला."

आजी बिल्ल्यांकडे बघत राहिली. "कलमं त्या खिडकीतल्यांना. मला फळी भरायची आहे. ती तुम्ही जाताना भरू." मग ती खानावळवालीवर खेकसली, "बघतेस काय? तवा ठेव! ही तीन माणसं गारठली आहेत, आणि तीन ताटं मांडलेलीच आहेत."

तर अशा रीतीने कलम सातची एकही खुर्ची फुकट गेली नाही. जाळीवाला बसला, बर्फवाला बसला, आणि समोरच्या खुर्चीत होडीवाला, कपड्यांतून पाणी गळत. मासा तव्यावरून थेट ताटात आला. तिघंही साहेबांना मनापासून शिव्या देत जेवत होते. असं चार माणसांत बसून शिव्या खात जेवायला साहेब किती आसुसले होते, ते त्यांनाही आत्ता कळलं.

"डोकं कुणाला?" खानावळवालीने आता जरा बिचकत विचारलं.

"यांना द्या," साहेबांनी होडीवाल्याकडे बोट दाखवलं.

होडीवाल्याने काही बोलायचा प्रयत्न केला, पण घशातून नुसती घरघर आली. त्याने डोकं उचललं आणि शेवटच्या काट्यापर्यंत साफ केलं. तीही असंच करायची.

सेक्रेटरींच्या डब्यात कोळंबी भरायची राहूनच गेली. परत आल्यावर ते फार नाराज झाले आणि चालत, तरातरा चालत, तीन जिने चढून तसं सांगून गेले.

पुढच्या महिन्यात शिक्केसाहेब परवान्याच्या खिडकीत पुन्हा उभे होते. अर्ज नीटनेटका, खाडाखोड नाही. चष्मेवाल्या मुलीने वाचला आणि पेन थांबवलं.

"काका, हे तिघं तर त्याच गावात राहतात. त्यांना कशाला परवाना?"

"गटातली माणसं बाहेरचीच हवीत असं कुठे लिहिलंय?"

तिने भिंतीवरचं कलम सात वाचलं. दोनदा वाचलं. लिहिलेलं नव्हतं. साहेब शांतपणे वाट बघत उभे राहिले, कारण लिहिलेलं नाही हे वाचायला किती वेळ लागतो ते त्यांना ठाऊक होतं.

"बरं," ती म्हणाली. "पण हा नात्याचा रकाना. या होडीवाल्यापुढे तुम्ही 'भाऊ' लिहिलंय. सख्खा की चुलत, ते लिहायला लागतं."

"लिहा सख्खा."

"पण आडनाव वेगळं आहे, काका."

"असू दे," साहेब म्हणाले. "माझ्या बायकोला वहिनी म्हणून त्याने घसा बसेपर्यंत हाका मारल्या आहेत. सख्खाच लिहा."

मुलीने त्यांच्याकडे बघितलं, आणि मान खाली घालून लिहिलं.